फरक कोणी ठरवला, ते आधी विचारा

भांडुपच्या एका ताईंनी विचारलं आहे: लेक दहावीत आहे. अंकगणिती श्रेढीची, म्हणजे दर वेळी तोच फरक मिळवत जाणाऱ्या संख्यांच्या यादीची, दोन्ही सूत्रं तोंडपाठ आहेत (यादीतली कितवीही संख्या, म्हणजे पद, काढायचं एक आणि पदांच्या बेरजेचं दुसरं), पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की पेन थांबतं. वर ती विचारते, 'आई, हे लागतं कुठे?' आणि आईकडे उत्तर नाही, कारण घरात आकडेमोड होते ती रिक्षाच्या मीटरची आणि कर्जाच्या हप्त्याची. यात श्रेढी कुठे आहे का?

आहे. पण सगळीकडे नाही, आणि नेमकी कुठे नाही ते ओळखता येणं हा या धड्यातला कठीण भाग आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला बीजगणित शिकवण्यात माझी आख्खी नोकरी सरली. त्यात एक गोष्ट वर्षानुवर्षं तशीच दिसली: उदाहरण वाचून झालं की मुलं आकडे वेचायला लागतात. हे पहिलं पद, हा फरक, ही पदांची संख्या, घाला सूत्रात. त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, तो राहून जातो. हा फरक दर वेळी तेवढाच का राहील? तो ठरवलाय कोणी? सरकारी दरपत्रकानं, करारातल्या कलमानं, पतपेढीच्या नियमानं, की वस्तूच्या घडणीनंच? यांपैकी कोणाचं तरी नाव घेता आलं, तर श्रेढी मांडा. टोमॅटोचा भाव चार दिवस रोज पाच रुपयांनी वाढला, तर तो पाचचा फरक कोणी ठरवलेला नाही. पाचव्या दिवशी वाशीच्या घाऊक बाजारात गाड्या जास्त आल्या की संपलं.

रिक्षापासूनच सुरू करू, कारण भांडुपला ती दारातच मिळते. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. फरक दरपत्रकानं बांधून दिलाय, म्हणजे श्रेढी आली. आता लेकीला विचारा, साडेसात किलोमीटरचं भाडं हे कितवं पद? बहुतेक मुलं सात किंवा आठ असं अंदाजानं सांगतात आणि मग अडखळतात. इथं पहिलं पद एक किलोमीटरवर नाही, दीडवर आहे. दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच, साडेसहा, साडेसात. म्हणजे सातवं पद, आणि फरक मिळवायचा तो सहा वेळा. 'पदक्रमांकातून एक वजा' हे सूत्रातलं प्रकरण घोकण्यापेक्षा असं बोटांवर मोजलेलं बरं.

याच दरपत्रकात आणखी एक गंमत आहे. १७.१४ ला दीडनं गुणा. २५.७१ येतात, म्हणजेच २६. तेव्हा किमान भाडं वेगळं काही नाही, तोच दर खालून दीड किलोमीटरला अडवून धरलाय. काळ्यापिवळ्या टॅक्सीचंही तसंच: दर २०.६६, दीडपट ३०.९९, किमान भाडं ३१. आता रिक्षाची भाडी जवळच्या रुपयापर्यंत आणून लिहा: २६, ४३, ६०, ७७, ९४, १११, १२९. फरक १७, १७, १७, १७, १७ आणि मग एकदम १८. काटेकोर बघितलं तर पूर्णांकात आणलेली ही यादी अंकगणिती श्रेढी नाही. साठलेले पैसे एका ठिकाणी रुपया होऊन बाहेर पडतात. वर्गात एखादं चौकस पोरगं हे पकडतं आणि 'सर, उदाहरण चुकलंय' म्हणतं. उदाहरण चुकलेलं नसतं. मूळ दर श्रेढीत आहे, छापलेला आकडा तिच्या जवळपास आहे. व्यवहारात बहुतेक प्रतिमानं अशीच असतात, एखाद्या रुपयाच्या फटीनं सैल. सिग्नलला थांबल्याचे पैसे वेगळे पडतात ते यात धरलेलेच नाहीत, आणि एलबीएस मार्गावर संध्याकाळी तो भाग छोटा नसतो.

मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट भाडं लागतं. तेव्हा श्रेढी मोडते का? मोडत नाही. प्रत्येक पदाला सव्वानं गुणलं की फरकालाही सव्वानं गुणलं जातं, इतकंच. हे लेकीला एकदा करून बघू द्या. पाठ्यपुस्तकात 'प्रत्येक पदाला शून्येतर संख्येने गुणले तर' असा कोरडा प्रश्न येतो, त्याला रात्रीची रिक्षा हे उत्तर आहे.

बसची गोष्ट निराळी. जुलै २०१९ मध्ये बेस्टनं भाडी उतरवली तेव्हा साध्या बसचे दर ५, १०, १५, २० असे होते, वातानुकूलित बसचे ६, १३, १९, २५. पहिली यादी श्रेढी आहे, दुसरी नाही. तिच्यात फरक ७, ६, ६. दोन्ही एकाच संस्थेनं, एकाच दिवशी लागू केल्या, तरी एकीत नियम पाळला गेला आणि दुसरीत सोय बघितली गेली. मे २०२५ मध्ये किमान भाडं साध्या बसचं १० आणि वातानुकूलितचं १२ झालं. मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवर भाडं १०, २०, ३० असं दहाच्या पायरीनं चढतं, पण पायऱ्यांची रुंदी सारखी नाही: पहिल्या टप्प्याला तीन किलोमीटर, दुसऱ्याला बारापर्यंतचे नऊ, तिसऱ्याला अठरापर्यंतचे सहा. म्हणजे भाड्यांची श्रेढी आहे, अंतरांची नाही. 'भाडं अंतराबरोबर श्रेढीत वाढतं' असं कोणी लिहिलं तर मी गुण कापीन.

घडणीमुळे फरक कायम राहतो म्हणजे काय, ते बघायला रांगोळीचे ठिपके काढा. पंधरा ते आठ ठिपके म्हणजे काय ते आईला सांगावं लागणार नाही. मधली ओळ पंधराची, मग प्रत्येक नवा ठिपका दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेवर. पंधरा ठिपक्यांमध्ये जागा चौदाच, म्हणून पुढची ओळ चौदाची, मग तेरा, शेवटी आठ. इथं फरक एक आहे तो कोणाच्या मर्जीनं नाही. दुसरा होऊच शकत नाही. सरळ ठिपक्यांची पंधरा ते एक काढली तर दोन्ही टोकांचा एकेक ठिपका सुटतो, म्हणून फरक दोनचा: १५, १३, ११ असं एकपर्यंत. दोन्ही रांगोळ्यांत ओळी पंधराच भरतात, पण ठिपके सारखे नाहीत. पहिलीत आठ ते चौदाची बेरीज ७७, ती वर आणि खाली मिळून १५४, मधली ओळ १५, एकूण १६९. दुसरीत एकपासून तेरापर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज ४९, दुप्पट ९८, त्यात १५ म्हणजे ११३. मुलं हमखास मधली ओळ दोनदा मोजतात. सूत्र बरोबर, पण पहिलीचं उत्तर १६९ ऐवजी १८४. हे कागदावर समजत नाही, पाटावर ठिपके काढले की लगेच समजतं. दिवाळीपर्यंत थांबायचीही गरज नाही.

गोविंदाच्या थरांवर श्रेढीचं उदाहरण रचायचा मोह मुंबईच्या शिक्षकांना फार होतो. खाली इतके, वर दोन-दोन कमी. खऱ्या मनोऱ्यात वरच्या थरांवर एकेकटा असतो आणि पायाला सगळं पथक लोटतं. फरक कोणी ठरवलेला नाही, तो वजनावर आणि भरवशावर आहे. असं उदाहरण मी देत नाही.

आता पैशाकडे येतो. आईला खरा उपयोग इथं आहे.

महिन्याला हजार रुपयांचं आवर्ती खातं, वर्षभरासाठी, व्याज ६ टक्के. वर्षाअखेरीस व्याज किती? बरीच शिकलेली माणसं १२,००० चे ६ टक्के काढून ७२० म्हणतात आणि बँकेनं कमी दिलं म्हणून चिडतात. पण पहिला हप्ता बारा महिने खात्यात राहिला, दुसरा अकरा, आणि शेवटचा एकच. १२, ११, १० असं एकपर्यंत. बेरीज ७८. हजार रुपयांना महिन्याला ५ रुपये व्याज, म्हणून ७८ पंचे ३९०. तिमाही चक्रवाढ धरली तर ह्यात साधारण पाच रुपयांची भर पडते, बस. हा ७८ आकडा लक्षात ठेवा, तो लगेच परत येतो.

गिरणगावातली, कारखान्यांतली, कचेऱ्यांतली माणसं ज्यावर संसार करत आली ती पगारदारांची पतपेढी बघा. समजा २४,००० रुपये कर्ज, दरमहा एक टक्का, बारा महिन्यांत फेड. मुद्दल दरमहा सारखं २,००० कापायचं आणि व्याज उरलेल्या रकमेवर लावायचं, अशी पद्धत असेल तर पहिल्या महिन्याचं व्याज २४०, दुसऱ्याचं २२०, मग २००, आणि बाराव्याचं २०. उतरती श्रेढी, फरक उणे २०. तो फरक कशामुळे कायम? मुद्दल दरमहा तेवढंच उतरतं म्हणून, त्याचा एक टक्का तेवढाच उतरतो म्हणून. एकूण व्याज: पहिलं आणि शेवटचं मिळून २६०, त्याची सहापट, १,५६०. किंवा २० गुणिले ७८. तेच.

आता दुकानात कोणी सांगितलं, 'आमचंही बारा टक्केच, फक्त फ्लॅट.' फ्लॅट म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ २४,००० वरच. वर्षाचे २,८८०. मुद्दल अर्ध्याहून जास्त फिटलं तरी तुम्ही पूर्ण रकमेचं व्याज भरताय. दर महिन्याला २,२४० चा हप्ता येतो आणि त्याचा खरा दर काढला तर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या जवळपास जातो. दोन्हीकडे 'बारा' हाच आकडा उच्चारला गेला. श्रेढी मांडता येणाऱ्या माणसाला एवढं विचारता येतं: व्याज महिन्यागणिक उतरणार आहे का? नाही म्हणाले तर उठायचं.

मग बँकेचा ईएमआय? ताईंच्या घरातला तो हप्ता श्रेढीत बसत नाही, आणि हे लेकीला जरूर दाखवा. तेच २४,०००, तोच दरमहा एक टक्का, बारा समान हप्ते. हप्ता येतो साधारण २,१३२ रुपये ३७ पैसे. त्यातलं व्याज पहिल्या महिन्याला २४०, दुसऱ्याला २२१.०८, तिसऱ्याला २०१.९६. फरक १८.९२, मग १९.११ झाला. थोडासाच सरकला, पण सरकला. हप्ता सारखा ठेवायचा म्हटल्यावर मुद्दलाचा वाटा दरमहा वाढत जातो, आणि तो एक टक्क्यानं वाढतो, ठरावीक रुपयांनी नाही. वर्षाचं एकूण व्याज १,५८८ च्या आसपास, पतपेढीपेक्षा २८ रुपये जास्त. बारा महिन्यांत हा भेद किरकोळ वाटतो. वीस वर्षांच्या गृहकर्जावर श्रेढी लावायला जाऊ नका, आकडे पार भरकटतात.

पगाराचंही असंच झालं. पाचव्या वेतन आयोगाच्या श्रेणी ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवेल: ५०००-१५०-८०००. सुरुवात, वार्षिक वाढ, कमाल. आख्खी श्रेढी तीन आकड्यांत छापलेली. ४५००-१२५-७०००, ५५००-१७५-९०००, ६५००-२००-१०५०० याही त्याच काळातल्या. चौघींतही कमालीपर्यंत पोचायला वाढी किती लागतात ते लेकीला काढायला सांगा. प्रत्येकीत वीस. म्हणजे टप्पे एकवीस, वाढी वीस. इथंही तो एकचा घोळ आहेच. पण ठरावीक रुपयांच्या वाढीत एक खोट असते. पाच हजारांवर दीडशे म्हणजे ३ टक्के, शेवटच्या वाढीच्या वेळी ७,८५० वर तेच दीडशे म्हणजे जेमतेम १.९ टक्के. माणूस जुना होतो तशी वाढ पातळ होते. सहाव्या आयोगानं १ जानेवारी २००६ पासून वाढ ३ टक्के केली आणि मंत्रालयापासून शाळेपर्यंत सगळ्यांचा पगार अंकगणिती श्रेढीतून बाहेर पडला.

आणि मुंबईत जिच्यावर खरोखर लाखाचे हिशेब अडतात ती श्रेढी म्हणजे फ्लोअर राइज. वर जाल तसा चौरस फुटाला दर वाढतो, दर मजल्याला ठरावीक रुपयांनी. समजा चटई क्षेत्र ४५० चौरस फूट, आणि पाचव्या मजल्यापासून दर मजल्याला चौरस फुटामागे ६० रुपये. एका मजल्याचा फरक २७,०००. अठराव्या मजल्यावरच्या घरावर किती चढले? पाचव्या मजल्यालाच पहिली वाढ लागत असेल तर वाढी १४, रक्कम ३,७८,०००. पाचव्यापर्यंत मूळ दर आणि सहाव्यापासून वाढ असेल तर १३, रक्कम ३,५१,०००. 'पाचव्यापासून' हा एवढासा शब्द दोन्ही बाजूंनी वाचता येतो, आणि त्यावर २७,००० रुपये लटकलेत. बांधकाम सुरू असलेल्या घराला ५ टक्के जीएसटी आणि मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क धरलं तर तीस हजारांच्या घरात जातं. सूत्रातल्या त्या 'एक वजा'ची बाजारातली किंमत ही.

इतकंच नाही. काही इमारतींत तेरावा मजला नसतो, बारानंतर चौदा. मग अठरावा हा खरं तर सतरावा, आणि बिल्डर पाटीवरच्या आकड्यानं मोजतोय की स्लॅबनं? खाली पोडियमचे पार्किंगचे मजले असतील तर ते मोजणीत आहेत का? करारावर सही करण्याआधी पहिलं पद कोणतं ते लिहून घ्यावं. मी तर म्हणेन, किमतींची मजलावार यादीच मागावी आणि ओळीओळीनं वजाबाकी करावी. फरक मध्येच कुठे उडी मारतो का ते दोन मिनिटांत कळतं. 'समुद्र दिसतो' म्हणून विसाव्या मजल्यापुढे वेगळा आकडा लावलेला असतो, तो असाच सापडतो.

सरकारी मूल्यांकनात मात्र मजल्याचा हिशेब असा चालत नाही. लिफ्ट असलेल्या इमारतीत रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जागांच्या किमतींच्या तक्त्यातला, दर चौथ्या मजल्यापर्यंत मूळ, पाच ते दहा ५ टक्के जास्त, अकरा ते वीस १० टक्के, एकवीस ते तीस १५ टक्के आणि एकतिसाव्यापासून वर २० टक्के. टक्क्यांची श्रेढी आहे, मजल्यांचे गट आहेत. मेट्रोच्या भाड्यासारखंच. म्हणून विसाव्यावरून एकविसाव्यावर गेल्यानं सरकारी दर एकदम चढतो आणि बाराव्यावरून विसाव्यावर गेल्यानं तसूभरही नाही.

राहिला परीक्षेतला भाग. तिथं मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली: प्रश्न एका पदाचा आहे की बेरजेचा, हे आकड्यांना हात लावण्याआधी ठरवायचं. 'दहाव्या महिन्यात किती' आणि 'दहा महिन्यांत किती' यात एका अक्षराचा फेर आहे आणि पूर्ण गुण त्यावर जातात.

दुसरी गोष्ट, महिन्यांची संख्या काढायला सांगतात तेव्हा वर्गसमीकरण येतं आणि त्याला दोन उत्तरं येतात. ऋण उत्तर टाकायचं हे मुलांना पाठ असतं. पण दोन्ही धन आली तर? हे उदाहरण लेकीला द्या: मैत्रिणीकडून बिनव्याजी १०,००० रुपये घेतले. पहिल्या महिन्यात १,००० परत केले, पुढे दर महिन्याला ५० कमी. किती महिन्यांत फिटतील? मांडल्यावर, २५ नं भागून, महिन्यांच्या संख्येचा वर्ग उणे त्या संख्येची ४१ पट अधिक ४०० बरोबर शून्य. उत्तरं १६ आणि २५. सोळाव्या महिन्याचा हप्ता २५० येतो आणि कर्ज फिटतं. पंचवीस कुठून आलं? एकविसाव्या महिन्याचा हप्ता शून्य होतो आणि बाविसाव्यापासून तो ऋण, म्हणजे मैत्रीणच पैसे परत द्यायला लागते. सतरा ते वीस या महिन्यांत जे ५०० जास्तीचे दिले गेले तेवढेच ती बावीस ते पंचवीसमध्ये फेडते आणि बेरीज पुन्हा १०,००० वर येऊन थांबते. गणिताच्या दृष्टीनं दोन्ही खरी. तिला उत्तरपत्रिकेत १६ लिहायला सांगा, आणि त्याखाली २५ का घेतलं नाही ते एका ओळीत.